ग्रीक पुराणकथांतले प्राणी (५) : घोडा देवाचा, लगामही देवाचाच

मागच्या लेखात आपण क्रीट बेटावरच्या बैलाची कथा पाहिली. तो बैल समुद्रातून वर पाठवणारा पोसायडन आजही आपल्या सोबत आहे. समुद्र आणि भूकंप यांच्या या देवाकडे तिसरं खातं होतं घोड्यांचं. आर्केडियातल्या एका कथेनुसार, त्याला चुकवण्यासाठी डिमीटर देवी घोडी होऊन कळपात मिसळली, तर त्यानेही घोडा होऊन तिला गाठलं. त्यातून आरायन हा दिव्य घोडा जन्मला. संज्ञा, सूर्य आणि अश्विनीकुमारांची आपली कथा ज्यांना ठाऊक आहे, त्यांना हे ओळखीचं वाटेल.

घोड्यालाच एवढा मान का? ग्रीस हा डोंगराळ, खडकाळ मुलूख. थेसलीसारखी कुरणं मोजक्याच ठिकाणी. त्यामुळे घोडा पोसणं हे बड्या घरचं काम. इसवी सनपूर्व सहाव्या शतकाच्या आरंभी सोलनने अथेन्सच्या नागरिकांचे उत्पन्नावरून चार वर्ग पाडले, त्यात दुसऱ्या वर्गाचं नावच ‘घोडेस्वार’ होतं. नांगराला बैल, ओझ्याला गाढव आणि खेचर. घोडा मात्र लढाईला, शर्यतीला आणि मिरवायला. असलं जनावर द्यावं तर देवानेच.

पर्सियसने मेड्युसाचं शिर उडवलं, तेव्हा तिच्या धडातून पंखांचा पेगॅसस बाहेर आला. त्याचा बाप पोसायडनच. कोरिंथचा वीर बेलेरोफॉन त्याच्यामागे खूप फिरला, पण घोडा हाती लागेना. पिंडार कवी सांगतो, की एका द्रष्ट्याच्या सल्ल्यावरून तो अथेनाच्या वेदीवर झोपला. स्वप्नात देवी आली, आणि जाग आली तेव्हा शेजारी सोन्याचा लगाम होता. मग पेगॅससवर बसून त्याने आग ओकणाऱ्या कायमिराला मारलं. पुढे मात्र तो थेट ऑलिंपसवर निघाला. झ्यूसने एक गोमाशी सोडली, घोडा उधळला आणि स्वार खाली आपटला. पेगॅसस वर पोहोचला आणि झ्यूसची वज्रं वाहू लागला. कोरिंथच्या चांदीच्या मोठ्या नाण्यांवर एका बाजूला पेगॅसस आहे, दुसऱ्या बाजूला शिरस्त्राण घातलेली अथेना. स्वाराला तिथे जागा नाही.

घोडा शेवटी देवाचाच, माणसाचा नव्हे, हीच गोष्ट होमरने ‘इलियड’मध्ये जास्त हळवेपणाने सांगितली आहे. अकिलिसच्या रथाचे झँथस आणि बेलियस हे घोडे म्हणजे पश्चिम वाऱ्याचे पुत्र, दोघेही अमर. पोसायडनने ते अकिलिसच्या बापाला, पेलियसला दिले होते. अकिलिसचा जिवलग पॅट्रोक्लस हा रथ घेऊन लढायला गेला आणि मारला गेला. घोडे जागचे हलेनात. सारथी ऑटोमेडनने चाबूक ओढून पाहिला, गोंजारून पाहिलं, धमकावूनही पाहिलं. माना जमिनीला टेकवून दोघे रडत उभे राहिले, आयाळी जोखडाखालून निसटून मळल्या. वरून पाहणाऱ्या झ्यूसलाही कळवळा आला. ज्यांना म्हातारपण नाही की मरण नाही, ती जनावरं आपण मर्त्य माणसाच्या दावणीला का बांधली, असं त्याला वाटलं.

पॅट्रोक्लसचा सूड घ्यायला अकिलिस स्वतः रथात चढतो, तेव्हा मित्राला रणात टाकून आल्याबद्दल घोड्यांनाच खडसावतो. हेरा देवी झँथसला वाचा देते. झँथस सांगतो : आज आम्ही तुला सुखरूप आणू, पण तुझा दिवस जवळ आला आहे, आणि त्यात दोष आमचा नाही. आम्ही वाऱ्याच्या वेगाने धावलो तरी तुझं मरण एका देवाच्या आणि एका माणसाच्या हातून ठरलेलं आहे. एवढं बोलून होताच सूडदेवता त्याची वाचा बंद करतात. अकिलिस म्हणतो, हे मला ठाऊक आहे. आणि तरीही रथ पुढे घालतो.

बेलेरोफॉनला घोडा आपला वाटला, म्हणून तो पडला. घोडा आपल्याला किती दिवस पुरणार हे अकिलिसला माहीत होतं, म्हणून तो मोठा.

पुढच्या आठवड्यात ट्रॉयचा लाकडी घोडा. एपियसने तो बनवला खरा, पण तोही अथेनाच्या मदतीने. तोवर जमल्यास ‘इलियड’च्या एकोणिसाव्या सर्गाचा शेवट वाचून ठेवा.