आडाखे आणि आकाश

जूनच्या ७-८ तारखेस सूर्य मृग नक्षत्रात प्रवेश करतो आणि महाराष्ट्रातील शेतकरी आभाळाकडे डोळे लावतो. हाच शेतकरी चेन्नईच्या जॉर्ज टाउन पेठेत येऊन राहिला, तर त्याचा आडाखा पहिल्याच वर्षी चुकेल. येथे मृगात उन्हाची काहिलीच असते. वर्षाच्या पावसापैकी निम्म्याहून अधिक पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये, ईशान्य मोसमी वाऱ्यांबरोबर पडतो. आपल्याकडे स्वातीत पाऊस निरोप घेतो. त्याच सुमारास येथे तो सुरू होतो. नक्षत्र पाऊस पाडीत नाही. ते केवळ पंचांगातील एक खूण आहे, आणि ती खूण जेथील अनुभवातून ठरली तेथेच खरी ठरते.

काही आडाख्यांना मात्र स्थळाचे असे बंधन नाही. चंद्राभोवती पडणारे खळे घ्या. अतिशय उंचावरील पातळ ढगांत बर्फाचे षट्कोनी स्फटिक असतात. त्यांतून जाताना प्रकाश वळतो आणि चंद्रापासून सुमारे २२ अंशांवर कडे दिसते. असे ढग पुष्कळदा वादळाच्या पुढे पसरतात. तथापि वादळाविनाही ते येतात, म्हणून एकट्या खळ्यावर विसंबू नये. मुंग्यांच्या अंड्यांवरून पाऊस सांगणाऱ्यांना तर याहूनही अधिक सावधपणे ऐकावे.

समुद्राची खूण अधिक भरवशाची आहे. जॉर्ज टाउनच्या पूर्वेस बंदर आहे व त्याच्या उत्तरेस कासिमेडूचे कोळी होड्या लोटतात. वारा पडलेला असताना किनाऱ्यावर लांब, संथ, जड लाटा येऊ लागल्या, तर दूरवर वादळ असल्याचा संशय घ्यावा. दोन शिखरांत १२ सेकंदांचे अंतर ठेवून येणारा लाटांचा समूह खोल समुद्रात ताशी सुमारे ३४ किलोमीटर वेगाने पुढे सरकतो. वादळ मात्र बहुधा ताशी १५ किलोमीटरच्या आसपास चालते. म्हणजे ६०० किलोमीटरवरून लाटा १८ तासांत पोहोचतात, वादळाला ४० तास लागतात. हा २२ तासांचा अवधी होडी परत आणण्यास उपयोगी पडतो. वादळ नेमके कोठे धडकेल, हे लाट सांगत नाही. १८८१ च्या नोव्हेंबरमधील चक्रीवादळाने तर या बंदराचे अर्धवट बांधलेले धक्केही उद्ध्वस्त केले होते.

हवामान खात्याने २००२ साली याच बंदरातील इमारतीवर डॉप्लर रडार बसविले. परंतु ६०० किलोमीटरवरील वादळ पृथ्वीच्या वक्रतेमुळे त्याच्या नजरेआड राहते. ते उपग्रहाला दिसते, आणि किनाऱ्यावरील लाटेलाही त्याची वार्ता असते.