रेंडर अडतं ते सीनमध्ये

‘मोठं कार्ड घे, रेंडर लगेच होईल.’ भोसरी-चाकणच्या पट्ट्यात वेल्डिंग लाइन, प्रेस टूल, फिक्स्चर यांची अ‍ॅनिमेशन करणाऱ्या पोरांना हा सल्ला हमखास मिळतो. पोरगं हप्त्यावर ग्राफिक्स कार्ड घेतं आणि पुढच्या कामाला पुन्हा तोच खोळंबा. हे ऐकून चीड येते, कारण वेळ जातो कुठे हे कोणी बघतच नाही.

आधी हिशेब. ३० सेकंदांची फिल्म, सेकंदाला २५ फ्रेम, म्हणजे ७५० फ्रेम. फ्रेमला ६ मिनिटं धरली तर ७५ तास. दुप्पट वेगाचं कार्ड फार तर ते साडेसदतीसवर आणेल. तेही सीन कार्डात मावला तर!

मावत का नाही, ते पाहायला डाय सेटची स्टेप फाइल उघडा. त्यातला एक एम-८ ॲलन बोल्ट घ्या. डिझायनरने त्याचे आटेसुद्धा काढलेले असतात. मेश करताना टॉलरन्स बारीक ठेवला की या एका बोल्टचे हजारो त्रिकोण होतात, आणि कॅमेऱ्यात तो दिसतो जेमतेम दहा-बारा पिक्सेल. असे ४०० बोल्ट सुटे इम्पोर्ट झाले की मेमरीत ४०० प्रती बसतात. ब्लेंडरमध्ये त्यांचा ऑब्जेक्ट डेटा लिंक केला की एकच प्रत उरते. नवे बोल्ट ठेवतानाही शिफ्ट-डीऐवजी ऑल्ट-डी वापरा.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. त्रिकोण दुप्पट झाले म्हणून पाथ ट्रेसिंगचा वेळ दुप्पट होत नाही, तो बराच सावकाश वाढतो. मार बसतो मेमरीला. कार्डाची मेमरी भरली की रेंडर थांबतं, नाहीतर कॉम्प्युटरच्या रॅमवर जाऊन रखडतं. १२ जीबीची दोन कार्डं लावून २४ जीबी मिळतील, हीही समजूत बहुतेक वेळा चुकीची. सीन दोन्ही कार्डांवर अख्खा चढतो. म्हणून बंद गिअरबॉक्सच्या आतले, कधीच न दिसणारे गिअर आधी काढून टाका.

मशीन वाढवून वेळ वाचत नसतो, हे पिक्सारच्या उदाहरणातही दिसतं. ‘मॉन्स्टर्स युनिव्हर्सिटी’च्या (२०१३) वेळी हजारो कोअरचा रेंडर फार्म हाताशी असूनही एका फ्रेमला सरासरी २९ तास लागत, असं तिथल्याच तंत्रज्ञांनी सांगितलं होतं. मशीनची ताकद वाढली की सीनही तेवढाच जड होत जातो. या निरीक्षणाला कॉम्प्युटर ग्राफिक्सवाले जिम ब्लिन यांचं नाव आहे.

आता सेटिंगबद्दलचे समज. ‘सॅम्पल दुप्पट केले की नॉइज निम्मा.’ नाही. नॉइज निम्मा करायला सॅम्पल चौपट लागतात. ब्लेंडर ३.० पासून त्याच्या सायकल्स या रेंडर इंजिनमध्ये मर्यादा ४०९६ सॅम्पलची आणि नॉइज थ्रेशोल्ड ०.०१ असा डीफॉल्ट आहे. ५१२ आणि ०.०५ लावून एक फ्रेम काढा, शेजारी ठेवून बघा, मग ठरवा.

‘डिनॉइझर आहे, मग सॅम्पल कितीही कमी चालतील.’ स्थिर चित्रात चालतीलही. अ‍ॅनिमेशनमध्ये मात्र दर फ्रेमला डाग वेगळे पडतात आणि पत्र्यावर लखलख दिसते. दोन-तीन सेकंदांचा तुकडा चालवून पाहिल्याशिवाय पूर्ण रेंडर लावू नका.

‘बाउन्स जास्त तेवढं खरं.’ डीफॉल्ट बाराऐवजी प्रकाशाच्या चार-पाच बाउन्सवर रंगवलेल्या पत्र्याच्या शॉटमध्ये सहसा फरक ओळखू येत नाही. काचेला मात्र ते पुरत नाहीत, हेडलॅम्प काळा पडतो.

‘थेट एमपी-४ काढलं की वेळ वाचतो.’ हा सगळ्यात महागात पडणारा समज! आपल्याकडे गुरुवारी देखभालीसाठी वीज बऱ्याचदा बंद असते. मंगळवारी रात्री लावलेलं रेंडर ४१२ व्या फ्रेमला तुटलं, तर एमपी-४ बहुधा उघडतच नाही. पीएनजी किंवा ईएक्सआर फ्रेम सुट्या काढल्या असतील, तर वीज आल्यावर ४१२ पासून पुढे सुरू करता येतं आणि आधीचं सगळं काम शाबूत राहतं.