भाव कळला, पुढे काय?

सोमवार, सकाळचे साडेनऊ. चहाचा पहिला घोट घ्यायच्या आत इनबॉक्समध्ये एकवीस मेल! शूजचा सेल, विमा, ‘फक्त तुमच्यासाठी’. तुमची आवड काय, मेल तुम्ही कधी उघडता, सगळं हेरून सॉफ्टवेअरने ते लावलेले असतात. तरी आपण उघडतो किती? दोन.

पण हा फंडा फक्त कॉर्पोरेटवाल्यांचा नाही बरं का. २००७ मध्ये महाराष्ट्रातल्या शेतकऱ्यांसाठी ‘रॉयटर्स मार्केट लाइट’ ही एसएमएस सेवा सुरू झाली. पैसे भरायचे, आपलं पीक आणि बाजार सांगायचे. मग मोबाईलवर मराठीत भाव, हवामान, पिकाचा सल्ला. टोमॅटोवाल्याला कांद्याची कटकट नाही. आयडिया झकास!

ती चालली का? मार्सेल फाफशां आणि बार्ट मिन्टेन या दोन अर्थतज्ज्ञांनी राज्यातल्या १०० गावांत हे तपासलं. साताऱ्यात त्यांनी सोयाबीनवाले शेतकरी घेतले होते. २०१२ मध्ये निकाल छापून आला: काहींनी बाजार बदलला, काहींनी मालाची प्रतवारी केली, पण हातात पडणाऱ्या भावात सरासरी म्हणावा असा फरक नाही. मला विचाराल तर यात नवल नाही. लांबच्या बाजारात भाव चढा आहे हे कळलं, तरी टेम्पोचं भाडं कोण देणार? आणि दिवाळी तोंडावर असताना सोयाबीन घरात ठेवून कसं चालेल?

साताऱ्याच्या दक्षिणेला वारणा खोऱ्यात मात्र उलटी गंमत झाली. १९९८ मध्ये सांगली-कोल्हापूरच्या ७० गावांसाठी इथे ‘वायर्ड व्हिलेज’ प्रकल्प आला आणि गावोगावी कॉम्प्युटर बसले. पुढे २००६-०७च्या सुमारास मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी सात गावांत कॉम्प्युटरऐवजी मोबाईल वापरून पाहिला. कुणी काही धाडायचं नाही. शेतकऱ्यानेच एसएमएस करायचा, माझा ऊस किती भरला? उत्तर लगेच. आठ महिन्यांत हे स्वस्तही ठरलं आणि जास्त आवडलंही. प्रश्न त्याचा, वेळही त्याचीच!

आपल्याकडे आता जीमेलमध्येही २०१९ पासून मेल शेड्यूल करता येतो. पण माझ्या एका जुन्या ऑफिसात टॅक्सच्या पुराव्यांचा रिमाइंडर शेवटच्या दिवशी संध्याकाळी सहाला यायचा. विषय माझाच, इंटरेस्ट शंभर टक्के. पावत्या मात्र घरी, कपाटात.