बटाट्याच्या जातींची पारख : तराजूवर आणि चुलीवर

बटाट्याची कोणती जात लावावी, हा प्रश्न बेणें आणावयाच्या सुमारास प्रत्येक बागाइतदारापुढें उभा राहतो, आणि अडत्याच्या दुकानीं जी मिळेल ती, असें त्याचें उत्तर बहुतेक ठिकाणीं ठरून गेलेलें असतें. एकरीं साधारण आठ ते दहा क्विंटल बेणें लागतें. पिकाच्या एकंदर खर्चांत याहून मोठा आंकडा सहसा दुसरा नसतो. असें असतां जी वस्तु सर्वांत महाग, तिचीच निवड आपण सर्वांत कमी चौकशीनें करतों. सातबाऱ्यावरील पिकाच्या नोंदींतहि ‘बटाटा’ एवढाच शब्द असतो. त्याची जात तेथें सहसा कोणी लिहीत नाहीं. प्रस्तुत लेखकाचीं नोकरीचीं सर्व वर्षें महसूल खात्याच्या कारकुनींत अशाच नोंदी उतरण्यांत गेलीं असल्यामुळें हें खात्रीनें सांगतां येतें. खात्यानें अंगीं लाविलेली मोजल्याशिवाय न मानण्याची खोड मात्र निवृत्तीनंतरहि सुटली नाहीं, व तिचा उपयोग घरच्या वाफ्यांवर करून पाहिला.

आपल्याकडील बहुतेक जातींच्या नांवाआधीं ‘कुफ्री’ हा शब्द असतो. कुफ्री हें सिमल्याजवळचें गांव. सपाटीवर हिवाळ्याचा दिवस लहान असल्यामुळें बटाट्यास फूल नीट येत नाहीं. फुलावांचून संकर नाहीं. म्हणून संकराचें काम त्या उंच जागीं चालतें. मध्यवर्ती बटाटा संशोधन संस्था १९४९ सालीं पाटण्यास निघाली व १९५६ सालीं सिमल्यास गेली. तिच्या जातींपैकीं ज्योती व चंद्रमुखी या दोन्ही १९६८ च्या, म्हणजे आज पन्नाशी ओलांडलेल्या. लवकर ही १९७२ ची, दख्खनच्या पठाराकरितां काढलेली व नांवाप्रमाणेंच थोड्या दिवसांत पोसणारी. पुखराज व चिप्सोना-१ या दोन्ही १९९८ च्या. आणि गंमत अशी, कीं एकाच सालीं बाहेर पडलेल्या या दोघींचा स्वभाव अगदीं उलट आहे. आपला विषय मुख्यत्वें या दोघींचाच आहे.

पुखराजचा कंद पिवळसर, गुळगुळीत, दिसण्यांत देखणा. पंचाहत्तर दिवसांतच तो भरूं लागतो, व उत्तम मशागतींत हेक्टरीं ३५ टनांपर्यंत उतारा देतो. लवकर निघाल्यामुळें नव्या मालाचा भाव मिळतो आणि रान दुसऱ्या पिकास मोकळें होतें. एवढें पाहून कोणीहि पुखराजच लावील, आणि लावतोहि. परंतु या बटाट्यांत घनांश, म्हणजे पाणी गेल्यावर उरणारा कोरडा भाग, शेंकडा सोळा ते अठरा असतो. चिप्सोनांत तो शेंकडा एकवीस ते चोवीस असतो. या कोरड्या भागांत मुख्य अंश पिष्ठाचा. आतां हिशेब करावा. समजा, एका एकरांतून पुखराज १०० क्विंटल निघाला व शेजारच्या एकरांतून चिप्सोना ८० क्विंटल. पहिल्यांत शेंकडा १७ प्रमाणें कोरडा माल १७ क्विंटल. दुसऱ्यांत शेंकडा २२ प्रमाणें १७ क्विंटल ६० किलो. तराजूवर वीस क्विंटलांनीं मागें पडलेला बटाटा ताटांत किंचित् पुढेंच निघाला! वरचा सगळा फरक विहिरीच्या पाण्याचा.

अर्थात् बाजारांत पाण्यासहि बटाट्याचाच भाव मिळतो, हें विसरून चालणार नाहीं. जो शेतकरी सर्व माल अडतीवर घालतो, त्याला पुखराज सोडा असें सांगणें म्हणजे त्याच्या खिशाशीं वैर करणें होय. पण ज्यास वेफर्सच्या कारखान्याशीं करार करावयाचा आहे, त्यानें आधीं घनांश पाहावा; शेंकडा वीसच्या खालीं माल गेला तर कारखानदार नाक मुरडतो, कारण ओला बटाटा तेल फार पितो. आणि ज्याच्या घरीं उन्हाळ्यांत कीस व पापड घालून विकण्याचा उद्योग आहे, त्याचें तर सारें उत्पन्नच या कोरड्या भागावर अवलंबून आहे.

घनांश ओळखण्यास प्रयोगशाळा लागत नाहीं. आठ लिटर पाण्यांत एक किलो मीठ पूर्ण विरघळवावें व त्यांत धुतलेले बटाटे सोडावे. ज्यांचा घनांश शेंकडा वीसच्या वर आहे ते तळाशीं बसतात; त्याखालचे तरंगतात. याहून बारीक पारख पाहिजे असल्यास साध्या पाण्यापासून आरंभ करून मूठमूठ मीठ घालीत ढवळावें, व कोणत्या जातीचे कंद आधीं वर येतात त्याचा क्रम टिपून ठेवावा. जो पहिला उठेल तो सर्वांत पाणचट. एक सावधगिरी मात्र ठेवावी. फार मोठे कंद कधीं कधीं आंतून पोकळ असतात व त्या पोकळीमुळेंच तरंगतात; म्हणून वर आलेला कंद कापून पाहिल्याशिवाय जातीस दोष देऊं नये.

तुलना करावयाची तर ती न्यायाची असली पाहिजे. एकाच रानांत, एकाच दिवशीं लावलेले, सारखें खत व सारखें पाणी घेतलेले वाफेच शेजारीं शेजारीं तोलतां येतात. बांधाकडचा वाफा त्यांत धरूं नये. काढणी मात्र एकाच दिवशीं करूं नये. पुखराज तयार होतो त्या वेळीं चिप्सोना अजून पोसत असतो. त्यास शंभर-एकशेंदहा दिवस लागतात. दोघांस एकदम उपटून वजन घेणें म्हणजे हळव्या व गरव्या भाताची एकाच दिवशीं मळणी करण्यासारखें आहे. पाणी काढणीपूर्वीं आठ-दहा दिवस तोडावें, म्हणजे साल घट्ट होते. युरियाचा हात सैल सोडला तर चांगल्या जातीचाहि घनांश उतरतो. तेव्हां जातीचा दोष व हाताचा दोष निरनिराळा ओळखावा.

आतां चुलीकडे वळूं. आमच्या घरीं ज्योती, पुखराज व चिप्सोना यांचे सारख्या आकाराचे कंद सालीसकट, निरनिराळ्या पातेल्यांत उकडून, मीठ न लावतां घरांतील वडील स्त्रियांपुढें ठेविले. नांवें सांगितलीं नाहींत. निकाल एकमतानें लागला नाहीं, आणि तो तसा न लागणेंच बोधप्रद होतें. चिप्सोना हाताखालीं सहज मोकळा झाला, पिठूळ निघाला. वड्याच्या सारणास व पराठ्यास तोच पहिला, असें सर्वांनीं म्हटलें. पण तोच रश्श्यांत टाकल्यावर कडा सोडून विरघळूं लागला व रस्सा खिरीसारखा झाला. पुखराजच्या फोडी मात्र शेवटपर्यंत फोडी राहिल्या. चवीस तो फिका खरा. तथापि रश्श्यांत चव मसाल्याची असते, तेथें फोड अखंड राहणें हाच गुण. उपवासाच्या भाजीस, जेथें जिरें-मिरचीपलीकडे आधार नाहीं, तेथें तो उघडा पडला. ज्योती या दोहोंच्या मध्यें उभी राहिली : रश्श्यांत मोडली नाहीं, वड्यांत चिकटली नाहीं, कोणत्याहि पानावर अपमान करून घेतला नाहीं. डोळे उथळ असल्यामुळें सोलण्यांत तिची नासाडीहि थोडी. (लाल सिंदुरीचे डोळे त्या मानानें खोल, टिकण्यास ती उत्तम, पण विळीशीं बसणारीस विचारावें.) ज्या घरांत एकच जात लावावयाची आहे, त्यानें ज्योतीस अजून निवृत्तिवेतनावर बसवूं नये. तिची करप्यास तोंड देण्याची पूर्वींची शक्ति आतां राहिली नाहीं, एवढें ध्यानीं घेऊन फवारणीचा खर्च आधींच धरावा.

चवीस बाजारांत किंमत नसतेच असें नाहीं. बंगाल्यांत गिऱ्हाइक चंद्रमुखी व ज्योती हीं नांवें घेऊन बटाटा मागतें, आणि चंद्रमुखीस दोन पैसे जास्त मोजतें. आपल्याकडे ‘इंदूर’, ‘आग्रा’, ‘तळेगांव’ अशीं गांवांचीं नांवें चालतात. जात कोणी विचारीत नाहीं, म्हणून चांगल्या जातीचा भाव कोणी देतहि नाहीं. आठवडेबाजारांत जो स्वतः बसून विकतो, त्यानें दोन जातींचे दोन ढीग निराळे लावून ‘हा वड्याचा, हा रश्श्याचा’ असें सांगून पाहण्यास खर्च कांहींच नाहीं.

आंबेगांव तालुक्यांतील सातगांव पठारासारख्या भागांत बटाटा पावसाळ्यांत होतो. त्यांचा हिशेब वेगळा आहे. रात्रीचें उष्णमान वीस अंशांवर राहिलें कीं कंद पोसण्यास अडथळा येतो, व पावसाळी मालाची साल पातळ, घनांश कमी व टिकाऊपणा थोडा असतो. उष्ण रात्री सोसणारी म्हणून २००६ सालीं सूर्या ही जात निघाली आहे. करप्याचें भय तिलाहि आहे, तरी दोन वाफे लावून पाहण्यासारखी खचित आहे.

शेवटीं साठवणीविषयीं. शीतगृहांत दोन ते चार अंशांवर ठेविलेला बटाटा महिन्या-दोन महिन्यांत गोड होतो, कारण थंडीनें त्यांतील पिष्ठाची साखर होऊं लागते. असा बटाटा तळला कीं तांबडा-काळा पडतो व किंचित् कडवट लागतो. गृहिणी तेलास दोष देते, विकणारा जातीस देतो. बेण्याकरितां ही थंडी योग्यच आहे. खाण्याचा माल दहा-बारा अंशांवर ठेवणारी कोठडी मिळत असल्यास तीच घ्यावी; न मिळाल्यास शीतगृहांतून आणलेलीं पोतीं दोन-तीन आठवडे घरांत, हवेशीर पण अंधाऱ्या जागीं पसरून ठेवावीं. गोडी बरीच उतरते. उजेड मात्र लागूं देऊं नये, नाहींतर साल हिरवी होऊन त्यांत विषारी कडूपणा येतो, आणि तो उकडल्यानें जात नाहीं.