कातळावरची शिकारी फुलं

अहिल्यानगर म्हटलं की दुष्काळी मुलूख आठवतो. पण जिल्ह्याच्या पश्चिमेला अकोले तालुक्यातलं घाटघर ‘जिल्ह्याची चेरापुंजी’ म्हणून ओळखलं जातं. श्रावण-भाद्रपदात हरिश्चंद्रगड, रतनगडाच्या परिसरात पाणी झिरपणाऱ्या कातळांवर बोटभर उंचीची निळी-जांभळी फुलं उमलतात. ही सीतेची आसवं, शास्त्रीय नाव युट्रिक्युलारिया.

मुसळधार पावसात जमिनीतलं नत्र वाहून जातं आणि कातळावर मातीचा थरही जेमतेम असतो. अशा उपाशी जमिनीत तग धरायचा कसा? उत्तर युरोपातल्या पाइनच्या जंगलात, शेवाळावरून सरपटत जाणाऱ्या लिनिया बोरिअॅलिस या वनस्पतीपुढेही हाच प्रश्न असतो. वनस्पतींच्या नामकरणाची शिस्त घालून देणाऱ्या कार्ल लिनियसचं हे लाडकं फूल. त्याच्याच नावाने ओळखलं जातं. लिनिया सदाहरित आहे. मोठ्या कष्टाने घडवलेलं पान ती हिवाळ्यातही गाळत नाही, त्यात गुंतवलेलं अन्नद्रव्य जपून वापरते.

आपल्या कातळावर ही काटकसर चालणार नाही. पाऊस सरला की तिथे ओल उरत नाही, म्हणून सीतेच्या आसवांना काही महिन्यांतच रुजून, फुलून, बी धरून मोकळं व्हावं लागतं. नत्रासाठी ती शिकार करतात, आणि ही शिकार मला वनस्पतिजगातलं सर्वांत विलक्षण यंत्र वाटते. या झाडाला खरी मुळं नसतात. चिखलातल्या बारीक तंतूंवर मिलिमीटरभर किंवा त्याहूनही लहान पिशव्या असतात. पिशवी आतलं पाणी बाहेर टाकते, त्यामुळे तिच्या भिंती आत खेचल्या जाऊन ताणल्या जातात. दाराशी केस असतात. एखाद्या सूक्ष्म जीवाचा त्यांना धक्का लागला की दार आत उघडतं आणि पाण्याच्या लोंढ्याबरोबर शिकार आत ओढली जाते. या वंशातल्या पाणवनस्पतींत हे सारं एका मिलिसेकंदाच्या आत घडल्याचं अतिवेगवान कॅमेऱ्यांनी टिपलं आहे. मग पाचकरस कामाला लागतात. डार्विनने १८७५च्या कीटकभक्षी वनस्पतींवरील ग्रंथात या पिशव्यांचा अभ्यास मांडला होता, पण दार उघडतं कसं हे कोडं त्याला पुरतं सुटलं नव्हतं.

बी पिकण्याआधीच फुलं तुडवली गेली तर पुढच्या पावसाळ्यासाठी मागे काही उरत नाही. म्हणून ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये गडावर जाल तेव्हा मळलेल्या वाटेनेच चाला आणि फुललेल्या ओल्या कातळावर तंबू ठोकू नका.