जुन्या हॅम संचाचे बोर्ड : गैरसमज आणि वस्तुस्थिती

जुन्या हॅम रेडिओ संचातल्या बोर्डावर छापील क्रमांकाच्या शेवटी बहुधा ए, बी असे एखादे अक्षर असते. अक्षर वेगळे दिसले की आधीचा बोर्ड सदोष होता किंवा हातातला नकली आहे, असे मानले जाते. खरे तर एखादा ट्रान्झिस्टर मिळेनासा झाला, कुठे गोंगाट जास्त आढळला, नवा फ्रिक्वेन्सी-पट्टा जोडायचा ठरला, तरी कंपनी बोर्ड बदलते आणि अक्षर पुढे सरकते. 1970 च्या दशकातल्या याएसू एफटी-101 च्या बी, ई अशा आवृत्त्या याच वाटेने निघाल्या. त्याचे बरेचसे बोर्ड खोबणीत बसणारे असल्याने एका संचातला बोर्ड दुसऱ्यात सहज जातो. म्हणून संचाच्या अनुक्रमांकावरून आतला बोर्ड ओळखता येत नाही. झाकण उघडून बोर्डावरचा क्रमांक वाचावा आणि त्याच आवृत्तीची आकृती मिळवावी. चुकीची आकृती समोर असेल, तर बरोबर व्होल्टेजसुद्धा बिघाड वाटते. अधूनमधून आवाज जाणाऱ्या अशा संचात दोष पुष्कळदा सुट्या भागात नसतोच. खोबणीतले काळवंडलेले संपर्क साफ केले की संच बोलू लागतो.

'जुना संच आला, सगळे कंडेन्सर बदला' हा सल्लाही सरसकट खरा नाही. सुकतात ते इलेक्ट्रोलायटिक. ढोबळ नियम असा, की तापमान 10 अंशांनी वाढले की त्यांचे आयुष्य निम्म्यावर येते. तापीच्या खोऱ्यातल्या शहाद्यात उन्हाळ्यात पारा 40 अंशांपुढे जातो आणि चालू संचाच्या आत उष्णता त्याहून जास्त असते. तिथे हे भाग आधी तपासणे शहाणपणाचे. अभ्रकाचे कंडेन्सर मात्र बहुधा दशकानुदशके टिकतात. व्हीएफओमधले (फ्रिक्वेन्सी बदलता येणाऱ्या ऑसिलेटरमधले) काही सिरॅमिक कंडेन्सर तर तापमानाचा परिणाम भरून काढण्यासाठी निवडून बसवलेले असतात. ते बदलले, की एका जागी स्थिर असलेली फ्रिक्वेन्सी सरकू लागते. आधी मोजावे, मगच सोल्डरचा डाग काढावा. हेच आयएफ (मध्यम फ्रिक्वेन्सी) कॉइलच्या गाभ्यांना लागू आहे: आवाज कमी झाला म्हणून ते फिरवू नयेत. फेराइट तडकते आणि मूळचा बिघाड तसाच राहतो.

केनवूड टीएस-440एसच्या पडद्यावर आकड्यांऐवजी नुसते ठिपके आले, की प्रोसेसर गेला असे समजून संच भंगारात निघतो. ठिपक्यांचा अर्थ पीएलएल, म्हणजे फ्रिक्वेन्सी बांधून ठेवणारे मंडल, जागेवर नाही, एवढाच. त्यातल्या व्हीसीओच्या (व्होल्टेजने फ्रिक्वेन्सी बदलणाऱ्या ऑसिलेटरच्या) भागात कारखान्यात लावलेला डिंक वर्षानुवर्षांनी वीजवाहक होतो, हे त्याचे नेहमीचे कारण. डिंक काळजीपूर्वक खरवडून त्याखालचे खराब झालेले भाग बदलले, की बहुतेक संच पुन्हा चालतात.

आतली बॅटरी संपली तर फक्त साठवलेल्या फ्रिक्वेन्सी जातात, हे अनेक संचांबाबत खरे आहे. आयकॉम आयसी-751 मध्ये मात्र संच चालवणारा प्रोग्रॅमच बॅटरीवरच्या रॅममध्ये असतो. ती संपली, की संच मुका होतो.

संच बंद केला म्हणजे तो सुरक्षित झाला, हा समज सर्वांत घातक. एफटी-101 च्या अंतिम नळ्यांना सुमारे 600 व्होल्ट डीसी मिळते आणि गाळणीचे कंडेन्सर ते बंद केल्यावरही धरून ठेवू शकतात. प्लग काढावा, कंडेन्सर रेझिस्टरमधून रिकामे करावेत, मीटरवर शून्य दिसू द्यावे. त्यानंतरच बोर्डाला हात लावावा.