अर्धाच साफ झालेला रस्ता

अहिल्यानगरच्या रणगाडा संग्रहालयात सेंच्युरियनपुढे उभं राहिलं की आधी त्याचं धूडच अंगावर येतं. पन्नास टनांच्या घरातलं लोखंड! जरा सावरल्यावर प्रश्न पडतो, की आत बसलेल्या माणसाला यातून दिसत काय असेल? आत असतात चौघं. चालक पुढे, खाली. तोफेवरचा आणि गोळे भरणारा टरेटच्या, म्हणजे वरच्या फिरत्या बुरुजाच्या, पोटात. कमांडर टरेटच्या तोंडाशी. झाकण लावून घेतलं की त्याचं सगळं जग काचेच्या चिंचोळ्या फटींएवढं उरतं. डोकं बाहेर काढलं तर चारी दिशा दिसतात, पण गोळ्याच्या किरचेला ते डोकंही दिसतं.

अशा एकाच रणगाड्याचं एवढं, तर पंचेचाळीस रणगाड्यांचं काय? आपल्या लष्करात रणगाड्यांच्या बटालियनला रेजिमेंट म्हणतात आणि तिच्या प्रमुखाला कमांडंट. चौदा-चौदा रणगाड्यांच्या तीन स्क्वाड्रन आणि मुख्यालयाचे तीन. धूळ, धूर, अंधार, शेतातला ऊस यांतून कमांडंटला त्यातले चार-पाच दिसले तरी खूप झाले. बाकीची रेजिमेंट त्याच्या कानात असते. कोण पुढे गेला, कोण अडकला, कुणाचा आवाज नेहमीपेक्षा वरच्या पट्टीत लागलाय आणि कोण बराच वेळ बोललेलाच नाही, हे सगळं हेडफोनच्या खरखरीतून वेचायचं आणि मनात नकाशावर मांडत राहायचं. मला तर हा आंधळ्या कोशिंबिरीचा प्रकार वाटतो. फरक इतकाच, की इथे समोरून येणारा गोळा सेकंदाला किलोमीटरभर सहज कापतो.

आता 15 डिसेंबर 1971 ची रात्र. जागा शकरगडची, बसंतर नदीचा काठ. 47 इन्फंट्री ब्रिगेडच्या पायदळाने रात्री नऊच्या सुमारास नदीपलीकडे पाय रोवले होते. त्यांच्या मागून जायचे होते पूना हॉर्स या रेजिमेंटचे सेंच्युरियन, आणि मधे पाकिस्तानने पेरलेला सुरुंगांचा रुंद पट्टा. सॅपर, म्हणजे लष्कराचे इंजिनियर, त्यातून रणगाड्यांपुरती वाट मोकळी करत होते. काम अर्ध्यावर आलेलं असताना पलीकडून पायदळाचा निरोप आला, की शत्रूच्या रणगाड्यांची घरघर ऐकू येतेय, हालचाल वाढलीय.

कमांडंट होते लेफ्टनंट कर्नल हनूत सिंह. आपण क्षणभर त्यांच्या जागी बसून हिशेब मांडून पाहू. रणगाड्यासाठी पेरलेला सुरुंग सहसा माणसाच्या वजनाने फुटत नाही. तो वाट पाहतो पन्नास टनांची. फुटला की बहुधा रणगाड्याचा पट्टा तुटतो आणि चाकं उखडतात. आतली माणसं पुष्कळदा वाचतात, पण रणगाडा जागचा हलत नाही. खरी मेख इथे आहे. वाट एकच आणि अरुंद. पहिलाच रणगाडा तीत आडवा झाला, तर मागची अख्खी रांग उजाडेपर्यंत तिथेच थिजणार. म्हणजे पणाला लागतो एक रणगाडा नव्हे, सगळी रेजिमेंट. उलट बाजूला, थांबावं तर सॅपरचं काम पुरं होईपर्यंत पहाट होणार, आणि पलीकडच्या जवानांना खंदकातून पॅटन रणगाड्यांशी जवळजवळ एकट्याने भिडावं लागणार. कागदावर हा हिशेब सुटत नाही. दोन्ही पारड्यांत काय किती घालायचं, हेच माहीत नसतं.

पूना हॉर्स उरलेल्या सुरुंगांतून तशीच घुसली. फटफटायच्या सुमारास तिचे रणगाडे पलीकडे 3 ग्रेनेडियर्सच्या जवानांना जाऊन मिळाले.

असा निर्णय माणूस घेतो तरी कसा? 1980 च्या दशकात अमेरिकी लष्कराला हेच कोडं पडलं होतं, आणि गॅरी क्लाइन या मानसशास्त्रज्ञाने ते सोडवायला गाठले आगीच्या बंबावरचे अधिकारी. त्याला वाटलं होतं, हे लोक निदान दोन वाटा तरी ताडून बघत असतील. निघालं भलतंच. बहुतेक वेळा ते तुलना करतच नव्हते. आग पाहिली की ती कुठल्या जातीची हे त्यांना ओळखू येई, आणि ओळखीबरोबर काय करायचं तेही सुचे. सुचलेलं मनातल्या मनात एकदा चालवून बघायचं, कुठे अडत नसेल तर लगेच कामाला लागायचं. बुद्धिबळातही हेच. खऱ्या डावातली मांडणी काही सेकंद दाखवली, तर पट्टीचा खेळाडू ती जवळजवळ जशीच्या तशी पुन्हा लावून दाखवतो. त्याच सोंगट्या कशाही विखरून ठेवा, मग त्याची आठवण तुमच्याआमच्याहून फारशी वरचढ ठरत नाही. म्हणजे पट्टीच्या खेळाडूला सोंगट्या दिसत नाहीत, त्यांचं नातं दिसतं.

झटपट निर्णय मला म्हणूनच झटपट वाटत नाही. तो वर्षानुवर्षं सरावाच्या मैदानांच्या धुळीत, पुन्हा पुन्हा चुकत, अर्धामुर्धा घेऊन ठेवलेला असतो. त्या रात्री फक्त त्याची शेवटची ओळ लिहायची असते. (हनूत सिंह पुढे नगरच्याच आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूलचे प्रमुख झाले, हे मला फार जुळून आल्यासारखं वाटतं.)

पूना हॉर्सला अशा माणसांची सवय असावी. 1817 मध्ये, पेशवाईच्या अखेरच्या दिवसांत उभं राहिलेलं हे घोडदळ. 1965 च्या युद्धात तिचे कमांडंट होते मुंबईत जन्मलेले आणि पुण्यात शिकलेले लेफ्टनंट कर्नल अर्देशीर तारापोर. 11 सप्टेंबरला फिलोराच्या लढाईत जखमी होऊनही त्यांनी मागे जायला नकार दिला. याला आपण शौर्य म्हणतो आणि ते आहेच, पण मला त्यात कामाची एक साधी गरजही दिसते. जखमी कमांडंटच्या जागी दुसरा अधिकारी बसवता येतो. त्याच्या डोक्यातला तो ऐकून ऐकून तयार झालेला नकाशा मात्र दुसऱ्याच्या हाती सोपवता येत नाही. तारापोर 16 सप्टेंबरला बुटुर डोगरांडीपाशी मारले गेले. तोवर रेजिमेंटने शत्रूचे साठेक रणगाडे फोडले होते आणि स्वतःचे नऊ गमावले होते, असं त्यांच्या परमवीर चक्राच्या सन्मानपत्रात नोंदलंय.

पुन्हा बसंतरकडे. 16 डिसेंबरला सकाळी आठच्या सुमारास जरपालपाशी धुराचा पडदा उठला आणि त्यामागून पाकिस्तानच्या 13 लान्सर्सचे पॅटन आले. ‘बी’ स्क्वाड्रनवर भार पडला. तिने रेडिओवरून कुमक मागितली. आता रात्रभर जागून पलीकडे आलेल्या त्या रणगाड्यांचं सगळं त्या खरखरीवर येऊन ठेपलं होतं. हाक ऐकणाऱ्यांत जवळच असलेला ‘ए’ स्क्वाड्रनचा एक सेकंड लेफ्टनंट होता. पुण्यात जन्मलेला, एकवीस वर्षांचा, युद्ध लागलं म्हणून नगरमधला कोर्स अर्धवट टाकून रेजिमेंटमध्ये परतलेला. अरुण खेतरपालने आपले रणगाडे वळवले आणि आवाजाच्या रोखाने निघाला.